दिवाळीचा फराळ मुलांसोबत : गॅसवरचं मोठ्यांचं, परातीतलं मुलांचं

सहामाही परीक्षा संपते, शाळेला सुट्टी लागते आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरातल्या मोठ्यांची सगळ्यात जास्त धावपळ असते. अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहायला लागलेला असतो. त्यावर पेरायचे अळीव कुणीतरी स्वयंपाकघरातून पळवतं आणि मग चिखलाच्या हातांनी सगळी फौज ओट्याशी येऊन उभी राहते, "आम्ही पण करणार!" अशा वेळी दोनच उत्तरं दिली जातात. एक, "जा बाहेर, मध्येमध्ये करू नका." दुसरं, कणकेचा एक गोळा हातात देऊन "घे, तू याच्याशी खेळ." दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरं असं वाटतं, पण आपल्याला गुंतवून ठेवलंय हे पाच वर्षांच्या पोरालाही लगेच कळतं.

मुलांना फराळातलं खरं काम द्यायचं, म्हणजे त्यांनी ते केलं नाही तर डबा भरणार नाही असं काम. त्यासाठी प्रत्येक पदार्थ मनात दोन भागांत तोडायचा: गॅस चालू असतानाचा आणि गॅस बंद असतानाचा. पहिला पूर्णपणे मोठ्यांचा, दुसऱ्यातला जास्तीत जास्त मुलांचा. पदार्थ निवडतानाही हीच फूटपट्टी लावायची. पाकातले रव्याचे लाडू एकतारी पाकाच्या भरवशावर असतात आणि अनारसे तुपात हसतील की जाळीदार होतील याची धाकधूक आपल्यालाच असते. ते दोन्ही मुलं झोपल्यावर करा. शंकरपाळी, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू मात्र मुलांच्या हाताला मानवतात, कारण त्यांतलं निम्म्याहून अधिक काम परातीत आणि पोळपाटावर होतं आणि वेडंवाकडं झालं तरी चवीत फरक पडत नाही.

सुरुवात करण्याआधी

एका दिवशी एकच पदार्थ. लहान मुलांचा उत्साह तास-दीड तास टिकतो. त्यापुढे ओढलंत तर पोळपाटावरून भांडण ठरलेलं. म्हणून गरम करायचं, भाजायचं, गार करायचं ते सगळं आधी उरकून ठेवायचं आणि मुलांना त्यानंतर बोलवायचं. बेसन सकाळी भाजून ठेवलं आणि मुलांना अकरा वाजता लाडू वळायला बसवलं, तर ना तुमची चिडचिड होते ना त्यांची.

बैठक ओट्यावर नको, जमिनीवर. जुनी चादर अंथरा, तिच्यावर परात, पोळपाट, ताटं. मैदा सांडणारच आहे. चादर झटकली की संपलं. स्टुलावर चढून ओट्याशी उभं राहिलेलं मूल कढईच्या जवळ येतं, हे जमिनीवर बसण्याचं खरं कारण. कढईचा कान किंवा झाऱ्याचा दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही आणि तळण चालू असताना मुलांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. गॅस बंद केल्यावरही तेल बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे कढई थेट मागच्या शेगडीवर सरकवायची.

हात धुणं किल्ल्याच्या दिवसांत विशेष गंभीरपणे घ्यायचं. साबणाने, नखांसकट. आणि कच्चा मैदा किंवा कच्चं पीठ चाटू द्यायचं नाही. तळलेलं, भाजलेलं हवं तेवढं खाऊ दे. चार-पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे शेंगदाणे, काजू त्याच्या हाताशी ठेवू नका. ते घशात अडकू शकतात, त्यामुळे त्याच्या वाटणीच्या चिवड्यात दाण्याचा जाडसर कूट घाला.

वयाचं म्हणाल तर ढोबळ अंदाज पुरतो. तीन-चार वर्षांचं मूल वाट्या मोजून ओततं, कढीपत्ता खुडतं. सहा-सातचं लाडू वळतं, कातण फिरवतं. नऊ-दहाच्या पुढची मुलं लाटतात, सोऱ्या फिरवतात, वजनकाट्यावर मापं काढतात. बारा-तेराच्या मुलाला तुमच्या शेजारी उभं करून मंद आचेवर पोहे भाजायला द्यायला हरकत नाही. तळणीला मात्र अजून दोन-तीन वर्षं थांबा.

शंकरपाळी : सुरुवात इथूनच करा

एकच वाटी सगळ्याला घ्या आणि ती मुलाच्या हातात द्या. एक वाटी दूध, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा. मैदा साधारण पाच वाट्या लागतो, अर्धी वाटी जास्त हाताशी ठेवायची. पुष्कळ घरांत तूपही भरून वाटीभर घेतात आणि ती शंकरपाळी जास्त खुसखुशीत होते हे खरं, पण त्या पिठाला मुलांच्या हातचं दाबणं-ओढणं सोसत नाही आणि तेलात ती फुटायची भीती राहते. मुलं सोबत असताना पाऊणच बरं.

दूध, साखर आणि तूप एकत्र गरम करायचं काम तुमचं. साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवायचं नाही. हे पूर्ण कोमट होऊ द्या. मिश्रण कढत असताना मैदा घातला तर पीठ चिकट होतं, सैल वाटतं म्हणून आपण आणखी मैदा घालत जातो आणि शेवटी शंकरपाळी दगडासारखी होते.

इथे मुलांना बोलवा. एकाने मैदा वाटी-वाटीने घालायचा आणि मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने परातीत कालवायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. शेवटचं मळणं तुम्ही करा, कारण घट्ट पीठ लहान हातांना आवरत नाही. झाकून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात मुलांना किल्ल्यावर पाठवून द्या.

मग छोटे गोळे. मोठा गोळा मुलांना लाटता येत नाही, तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक होतो. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा द्या आणि जाडी दाखवायला बाजूला एक नमुना लाटून ठेवा: भाकरीएवढी जाड, पोळीएवढी पातळ नाही. कडा फाटल्या तर फाटू द्या.

आता कातण. ही फिरकी मुलांच्या हातात दिली की पुढची वीस मिनिटं घरात शांतता असते. आधी उभ्या रेघा, मग तिरप्या. रेघा वाकड्या आल्या तर शंकरपाळ्यांचे आकार वेगवेगळे होतात, त्याने बिघडत काही नाही. फक्त खूप बारीक आणि खूप मोठे एकत्र तळू नका. आणि कडेचे उरलेले त्रिकोणी तुकडे! आपण ते गोळा करून पुन्हा मळतो. मुलांना तेच आवडतात. "आत्या, हे माझं जहाज, हे वेगळं तळ हं!" असं सांगून एखादा तुकडा ताटाच्या कडेला राखून ठेवला जातो. वेगळं तळायला खरंच कारणही आहे: कडेला पोळी पातळ असते, हे तुकडे आधी लाल होतात. सगळे एका घाण्यात शेवटी तळा.

तळण्याआधी एकच शंकरपाळी तेलात सोडून बघा. ती तळाशी जाऊन हळूहळू बुडबुडे घेत वर आली की तेल बरोबर आहे. लगेच उसळून लाल झाली तर तेल जास्त तापलंय. ती फुटून तेलात पसरायला लागली तर तूप जास्त झालं, पिठात दोन चमचे मैदा मळून घ्या. पूर्ण घाणा मध्यम ते मंद आचेवर सहा-सात मिनिटं तरी लागतो. घाई केली की बाहेरून रंग येतो आणि आतून मऊ राहते, दुसऱ्या दिवशी डब्यात हात घातल्यावर ते कळतं. हलका बदामी रंग आला की काढा, बाहेर काढल्यावर रंग आणखी थोडा चढतो.

तळायचंच नसेल तर ओव्हन आहे. १७० अंश सेल्सिअसवर आधी तापवून, शंकरपाळ्या एकमेकींना न चिकटवता ट्रेमध्ये मांडून अठरा ते बावीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. बाहेर काढल्या तेव्हा किंचित मऊ लागतील, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. चव तळलेल्यासारखी लागत नाही, नानकटाईच्या जवळ जाते. पण परदेशात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, तळणीचा धूर झाला की छतावरची घंटा किंचाळते अशा मंडळींना हा मार्ग उपयोगी आहे. शिवाय ट्रेमध्ये मांडायचं कामही मुलं करू शकतात.

पातळ पोह्यांचा चिवडा

चिवड्यात मुलांसाठी शंकरपाळीपेक्षाही जास्त कामं निघतात, फक्त ती आपल्याला कामं वाटत नाहीत. एका बैठकीला पाव किलो पातळ पोहे पुरे. त्याला अर्धी वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी डाळं, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, कढीपत्त्याच्या तीन-चार काड्या, चार हिरव्या मिरच्या, मोहरी, हिंग, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा पिठीसाखर, चवीपुरतं मीठ आणि साधारण अर्धी वाटी तेल.

सकाळीच कढीपत्ता धुऊन मुलांना पंचावर पसरायला द्या. पानं पूर्ण कोरडी हवीत. ओला कढीपत्ता तेलात पडला की तेल अंगावर उडतं आणि त्याचा ओलावा चिवड्यात उतरून तो चार दिवसांत सादळतो. पानं सुकली की काडीवरून ओरबाडून वाटीत काढायची. हे तीन वर्षांच्या मुलाचं काम, आणि ते फार मन लावून करतं.

पोहे चाळणीने चाळायचे. खाली जो भुगा पडतो तो चिवड्यात गेला तर आधी जळतो आणि सगळ्याला कडवट वास लागतो. चाळताना चाळणी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायची, वर-खाली नाही. नाहीतर पोह्यांचा पाऊस. मिरच्या मात्र तुम्ही चिरा. तिखट हात डोळ्याला लागला की दिवाळी तिथेच संपते.

पोहे भाजणं हा चिवड्याचा जीव. कडक ऊन असेल तर दोन-तीन तास उन्हात ठेवा, मग कढईत मंद आचेवर थोडे-थोडे भाजा. आच मोठी केली की पोहे आक्रसतात, वेटोळे होतात आणि आतून चिवट राहतात. झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार मुलाला द्या: दोन-तीन पोहे ताटलीत काढायचे, गार होऊ द्यायचे आणि त्याने चिमटीत दाबायचे. कर्र आवाज होऊन चुरा झाला की "झाले!" असं त्याने सांगायचं. वाकले तर अजून दोन मिनिटं. मोठ्यांनीही हा निकाल मानायचा.

फोडणी तुमची. तेलात आधी शेंगदाणे तळून बाजूला काढा, मग खोबरं. खोबऱ्याकडून नजर हलवायची नाही, ते क्षणात काळं होतं. उरलेल्या तेलात मोहरी, ती तडतडली की मिरच्या आणि कढीपत्ता. ही दोन्ही पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबायचं, इथे घाई केली तर ओलावा राहतो. मग आच बारीक करून हिंग, डाळं, हळद. गॅस बंद करून दाणे, खोबरं आणि पोहे घाला आणि दोन उलथन्यांनी हलकेच वर-खाली करा.

मीठ आणि पिठीसाखर आधी एका वाटीत एकत्र करून मुलाकडे द्या. चिवडा परातीत काढून हात लावण्याजोगा झाला की त्याने हे मिश्रण उंचावरून, पाऊस पाडल्यासारखं सगळीकडे भुरभुरायचं आणि पसरलेल्या बोटांनी कालवायचं. मुठीत दाबायचं नाही, पोहे मोडतात. मीठ नुसतं वेगळं घातलं तर ते तळाशी बसतं आणि डब्याच्या शेवटच्या वाटीला खारट चिवडा येतो. अजून एक: गार करायला किंवा तेल टिपायला वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. छपाईची शाई खाण्याला लागते, आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही खाद्यपदार्थांसाठी असा कागद वापरू नये असं सांगितलेलं आहे. स्वच्छ सुती कापड किंवा टिश्यू चालेल.

बेसनाचे लाडू

दोन वाट्या जाडसर बेसन, पाऊण वाटी साजूक तूप, सव्वा वाटी पिठीसाखर, वेलची पूड, बेदाणे. तुपात बेसन मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं भाजायचं. आधी ते जड लागतं, मग तूप सोडून सैल होतं, रंग बदलतो आणि घरभर वास सुटतो. शेवटी चमचाभर दूध शिंपडलं की ते फसफसतं आणि बेसनाला छान रवाळपणा येतो. हे सगळं मुलं जवळ नसताना, कारण तापलेलं तुपातलं बेसन अंगावर उडालं तर चिकटून बसतं आणि खोल भाजतं. कढईतून लगेच परातीत काढा. कढईच्या उष्णतेने ते पुढे करपत राहतं.

पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच. गरमात घातली तर ती विरघळते आणि मिश्रण पातळ होतं. यासाठी तास-सव्वा तास लागतो, तोपर्यंत वेलची सोलून खलबत्त्यात कुटायचं काम देता येतं. त्यात चमचाभर साखर घातली की वेलची सहज बारीक होते.

वळताना मुलं एक चूक हमखास करतात: मिश्रण घेतलं की दोन्ही तळव्यांत गोल-गोल फिरवायला लागतात. लाडू फुटतो, मूल रडवेलं होतं. त्यांना दाखवा, आधी एका मुठीत घट्ट दाबायचं, दोन-तीनदा, मग दुसऱ्या हाताने हळूच गोल करायचं. बेदाणा शेवटी बोटाने दाबून बसवायचा. सगळे सारख्या आकाराचे व्हावेत असं वाटत असेल तर मापाला एक खोलगट चमचा द्या. पण लहान हातांचे लहान लाडू वेगळ्या ताटलीत ठेवले तर पाहुण्यांसमोर आधी तेच संपतात, असा माझा अनुभव आहे.

लाडू बसले, म्हणजे खालून चपटे झाले, तर तूप जास्त झालंय. ताट पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वळा. वळलेच जात नसतील तर चमचाभर कोमट तूप.

चकली आणि करंजी, जमलं तर

चकलीची उकड काढणं तुमचं: दोन वाट्या भाजणीला साधारण एक वाटी उकळतं पाणी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, तीळ, ओवा, मीठ. अर्धा तास झाकून मग भरपूर मळायचं, चकलीचे तुकडे पडतात ते बहुतेक कमी मळल्यामुळे. मुलांसाठी दाबायचा नव्हे तर फिरवायच्या दांड्याचा सोऱ्या घ्या, ताकद कमी लागते. बटर पेपरचे तळहाताएवढे चौकोन कापून ठेवा. चकली पाडताना सोऱ्या स्थिर धरून कागद फिरवायचा, ही युक्ती नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन चकल्यांत जमते. शेवटचं टोक आतल्या वेढ्याला बोटाने चिकटवायला विसरू नका, नाहीतर तेलात ती उलगडते. कागदासकट चकली तुमच्याकडे येईल, तेलात तुम्ही सोडायची.

करंजी साच्यात केली तर मुलांना जमते. सारण एकच चमचा, कडेला दुधाचं बोट, साचा दाबून बंद. मुलं सारण भरभरून घालतात आणि ते तेलात बाहेर येऊन सगळं तेल काळं करतं, म्हणून सारणाच्या वाटीत चमचाही लहानच ठेवा. झालेल्या करंज्यांवर ओलं फडकं हवंच, नाहीतर वरची पारी सुकून भेगा पडतात.

डबे भरताना

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आत वाफ धरली की कुरकुरीतपणा गेला. डब्यांवर नावं आणि तारीख लिहायचं काम अक्षर चांगलं असलेल्याला द्या, चित्र काढणाऱ्याला चित्र. चिवडा आणि शंकरपाळी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहतात, बेसनाचे लाडूही. फक्त ओला चमचा किंवा ओला हात आत जाऊ द्यायचा नाही. शेजारी द्यायची ताटं लावायला मुलांनाच बसवा आणि ती पोचवायलाही तीच जाऊ देत. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं की पहाटे सगळे फराळाला बसतात. त्यासाठी मुलांच्या हातच्या वस्तू एका वेगळ्या डब्यात आधीच काढून ठेवा. त्या वेळी शोधाशोध झाली की घरात रडारड होते.

भाऊबीज झाल्यावर तळाशी उरलेला चिवडा सादळला असेल तर टाकू नका. कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवा, ताटात पसरून गार करा, पुन्हा पहिल्यासारखा वाजतो. त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. हे कालवणं परत मुलांकडेच.